दवाखान्याचे बिल, वसुलीवाल्यांचा तगादा आणि आपली विहारे

आमच्या वस्तीतील विहारात दर रविवारी सकाळी सामुदायिक वंदना होते. काही महिन्यांपूर्वी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली आणि खरे सांगायचे तर ती उशिराच आली. पहिल्या रांगेत बसून खड्या आवाजात वंदना म्हणणारी एक भगिनी येईनाशी झाली होती. नवरा वारला, दुःखात असेल, असे समजून आम्ही सारे स्वस्थ बसलो. शेवटी एका वयस्क उपासिकेने आम्हांस बाजूला घेऊन सांगितले, "वकीलसाहेब, ती कशी येईल? तिच्या गटातल्या चार बाया इथंच बसतात. तिचा हप्ता थकला की भुर्दंड त्यांना बसतो. तोंड कसं दाखवायचं तिनं?"

आम्ही त्या भगिनीच्या घरी गेलो. तिने एका प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढून पुढे ठेवले. त्या कागदांत एका कुटुंबाची कर्जकथा होती, आणि ती आपल्या शेकडो वस्त्यांमधील हजारो कुटुंबांची कर्जकथा आहे. म्हणून नावगाव न सांगता ती येथे मांडत आहोत.

नवरा एमआयडीसीत ठेकेदाराकडे माल चढवण्या-उतरवण्याचे काम करी. पगार १२ हजार. एके रात्री मेंदूत रक्तस्राव झाला. रुग्णवाहिकावाल्याने जवळच्या खाजगी दवाखान्यात नेऊन घातले. नऊ दिवस अतिदक्षता विभागात काढून तो गेला. बिल झाले ३ लाख ४२ हजार. शिलकीतले, गहाण टाकलेल्या दागिन्यांचे आणि नातेवाइकांकडून आणलेले मिळून १ लाख ८० हजार तोपर्यंत भरले होते. उरले १ लाख ६२ हजार. काउंटरवरून सांगण्यात आले, "पैसे भरा आणि बॉडी घेऊन जा." दिवसभर मृतदेह अडवून ठेवला गेला. रात्री भावाने दोन कोऱ्या चेकवर सह्या करून दिल्या, तेव्हा कुठे अंत्यसंस्कार झाले.

पुढच्या दोन महिन्यांत तिने एका फायनान्स कंपनीकडून ४५ हजार, दुसरीकडून ४० हजार आणि वस्तीत व्याजाने पैसे फिरवणाऱ्या एका इसमाकडून ५० हजार घेऊन दवाखान्यात भरले. व्याज दरमहा शेकडा दहा. म्हणजे मुद्दल जागच्या जागी आणि महिन्याला ५ हजार नुसते व्याज. दोन्ही कंपन्यांचे हप्ते मिळून साडेचार हजार. ती एका सोसायटीत झाडूपोछा करते, पगार ९ हजार. देणे साडेनऊ हजार! हा हिशोब कोणत्या अर्थशास्त्राने जुळवायचा?

तथागतांनी सांगितलेले ऋणाचे दुःख

अंगुत्तर निकायात इणसुत्त नावाचे एक सुत्त आहे. त्यात तथागत भगवान बुद्ध भिक्खूंना संसारी माणसाच्या दुःखाची उतरंड समजावून देतात. दारिद्र्य हे दुःख. दरिद्री माणूस कर्ज काढतो, ते दुःख. व्याज कबूल करतो, ते दुःख. व्याज थकले की तगादा लागतो, ते दुःख. पुढे पाठलाग होतो आणि शेवटी बंधन पडते. त्याच निकायात अनाथपिंडिकाला सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांमध्ये 'अनण सुख', म्हणजे कोणाचे देणे नसण्याचे सुख, मोजलेले आहे.

अडीच हजार वर्षांपूर्वीची ही उतरंड आणि त्या भगिनीच्या पिशवीतील कागदांचा क्रम एकच आहे. कर्ज हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ आहे, असे तथागत म्हणत नाहीत. दारिद्र्यापासून सुरू होणारी कारणांची साखळी ते दाखवतात. जेथे कारण आहे तेथे उपायही आहे. भारताच्या कायद्याने या साखळीच्या जवळपास प्रत्येक कडीवर काही ना काही संरक्षण दिलेले आहे. मग ते त्या भगिनीपर्यंत का पोहोचले नाही, हा आमचा प्रश्न आहे.

दवाखान्याच्या दारात

पहिली कडी ठेकेदाराची. प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात १९४३ साली प्रा. अडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम सोपवले गेले, १९४४ साली त्यांचा अहवाल आला आणि त्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. गंगाधर, रमेश, इंदू आणि १९२६ साली राजरत्न अशी चार लेकरे बाबासाहेबांनी आणि माता रमाईंनी गमावली होती. आजारपण आणि दारिद्र्य एकाच घरात शिरले की काय होते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

या योजनेची वेतनमर्यादा २०१७ साली २१ हजार झाली. २०१९ पासून मालकाची वर्गणी ३.२५ टक्के आणि कामगाराची ०.७५ टक्के ठरली. १२ हजार पगारावर मालकाचे ३९० आणि कामगाराचे ९० मिळून महिन्याला ४८० रुपये होतात. ठेकेदाराने सहा वर्षे हे ४८० रुपये भरले नाहीत. नाव नोंदवलेच नाही. ३ लाख ४२ हजारांच्या बिलाची खरी सुरुवात येथे झाली. आपल्या वस्तीत ठेकेदारी कामावर जाणाऱ्या किती जणांच्या खिशात विमा योजनेचे कार्ड आहे, हे प्रत्येकाने आज रात्री घरी विचारून पाहावे.

दुसरी कडी सरकारी योजनेची. २०१२ साली सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी योजनेला २०१७ साली महात्मा जोतीराव फुले यांचे नाव देण्यात आले. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू करून प्रतिकुटुंब वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण देण्याचे ठरले आणि जुलै २०२४ पासून तिची अंमलबजावणी सुरू झाली. परंतु ती यादीतल्या दवाखान्यात आणि यादीतल्या उपचारांनाच मिळते. यादीतला दवाखाना त्या घरापासून तीन किलोमीटरवर होता. रुग्णवाहिकेत बसताना तो कोणाला माहीत होता? मध्यरात्री माणूस यादी वाचत नाही, ती आधी वाचून ठेवावी लागते.

तिसरी कडी धर्मादाय दवाखान्याची. दवाखान्याच्या पाटीवर ट्रस्टचे नाव होते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली योजना अशा दवाखान्यांना बंधनकारक आहे. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, आणखी १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत! तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून घ्यावे, असेही त्यात आहे. २०२५ साली पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयात गर्भवती महिलेकडे मागितलेल्या अनामत रकमेवरून सारा महाराष्ट्र हळहळला, तेव्हा पुष्कळांनी ही योजना प्रथमच ऐकली. म्हणजे १९ वर्षे ती गरिबांपासून झाकून ठेवली गेली. उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका घेऊन दवाखान्यातील समाजसेवा अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा, पोच घ्यावी, आणि नकार मिळाल्यास धर्मादाय सहआयुक्तांकडे तक्रार करावी. तोंडी विनंतीला तोंडीच उत्तर मिळते आणि त्याचा पुरावा राहत नाही.

चौथी कडी सर्वांत संतापजनक. बिल थकले म्हणून रुग्णाला अडकवून ठेवणे बेकायदेशीर आहे, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली एका जनहित याचिकेत स्पष्ट केले. त्याच वर्षी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेत रुग्णाला डिस्चार्ज मिळण्याचा आणि मृतदेह ताब्यात मिळण्याचा हक्क नमूद आहे. दवाखान्याला पैसे येणे असतील तर त्याने दिवाणी दावा लावावा. जिवंत माणसाला डांबणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खालील गुन्हा होऊ शकतो. अशा वेळी ११२ क्रमांकावर पोलिसांना बोलवावे, "बिलाचा वाद आहे, त्यासाठी माणूस अडवला आहे," असे स्पष्ट सांगावे आणि बाबवार बिल मागावे. औषध किती, खाटेचे भाडे किती, तपासण्या किती, हे समजून घेणे हा रुग्णाचा हक्क आहे. बाबवार बिल मागितले की आकडा खाली येतो, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

आणि कोऱ्या चेकवर सही? कदापि नाही! २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, स्वेच्छेने सही करून दिलेला कोरा चेक समोरच्याने भरला तरी तो देण्यापोटीच दिला असे कायदा गृहीत धरतो, आणि तसे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार सही करणाऱ्यावर पडतो. चेक न वटणे हा कलम १३८ खालील फौजदारी मामला आहे. साधे देणे दिवाणी असते, चेक दिला की ते फौजदारी होते. म्हणूनच काउंटरवर आधी चेकबुक मागतात. नोटीस आलीच तर ती फेकून देऊ नये. १५ दिवसांची मुदत फार लवकर सरते.

वसुलीवाले दारात आल्यावर

आता तगाद्याकडे येऊ. त्या भगिनीकडे कंपनीचे दोन तरुण रात्री नऊ वाजता येत. ओट्यावर बसून राहत. शेजाऱ्यांना ऐकू जाईल असे बोलत. गटातल्या बायांना घेऊन येत. "आम्ही इथून हलणार नाही, भांडी विका," असे सांगत.

रिझर्व्ह बँकेने २०२२ साली घातलेले नियम काय म्हणतात? गटाच्या लहान कर्जांच्या वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर यायचे नाही. इतर कर्जांसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोनसुद्धा करायचा नाही. धमकी, शिवीगाळ, चारचौघांत अपमान, नातेवाईक वा मित्रांना छळणे, सारे निषिद्ध. कर्ज देतानाही कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक रक्कम हप्त्यांत जाता कामा नये. एजंट ठेकेदाराचा असला तरी त्याच्या वागणुकीची जबाबदारी कर्ज देणाऱ्या संस्थेची असते. वसुलीसाठी गुंड पाठवता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच बँकांना सुनावले होते.

म्हणून वसुलीवाला आला की त्याचे ओळखपत्र आणि नेमणुकीचे पत्र मागा. तारीख, वेळ, शब्द वहीत लिहा. कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार जाते आणि तिला फी नाही. धमकी दिली, घरात घुसला, तर पोलीस ठाणे आहे. आणि चारचौघांत जातीवरून अपमान केला तर तेथे कर्जाचा प्रश्न संपतो आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा सुरू होतो. "तुमचे लोक असेच," हे वाक्य आम्ही अनेक घरांतून ऐकले आहे. ते ज्या शब्दांत उच्चारले गेले त्याच शब्दांत फिर्यादीत लिहून द्यावे.

शेकडा दहाने पैसे देणाऱ्या इसमाकडे परवाना नव्हता. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली विनापरवाना सावकारी हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. कर्जदाराचा पाठलाग करणे, घराभोवती घुटमळणे हाही त्या कायद्याने गुन्हाच ठरवला आहे. तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करायची असते.

आणि शेवटची कडी, बंधन. "जेलमध्ये टाकू," ही धमकी सर्वांत जास्त काम करते. वाचकांनी हे नीट लक्षात ठेवावे : कर्ज फेडता न येणे हा गुन्हा नाही. १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात हे ठामपणे सांगितले आहे की, निव्वळ गरिबीमुळे देणे फेडता येत नाही म्हणून माणसाला तुरुंगात टाकणे हे अनुच्छेद २१ ला धरून नाही. ऐपत असूनही अप्रामाणिकपणे देणे टाळणाऱ्याची गोष्ट वेगळी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५६ नुसार पैशांच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. कलम ६० नुसार अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, मजुराची मजुरी यांवर जप्ती येत नाही. "भांडी विका" म्हणणाऱ्याला न्यायालयसुद्धा जी भांडी जप्त करू शकत नाही ती विकायला लावण्याचा अधिकार कोणी दिला?

वकील परवडत नाही ही सबबही उरत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धम्म स्वीकारलेले आपले बांधवही अनुसूचित जातीत मोडतात. तालुका न्यायालयात ते कार्यालय असते. एक साधा अर्ज पुरतो.

दोष फक्त वसुलीवाल्याचा नाही

हे सारे सांगून आम्ही असे सुचवत नाही की घेतलेले बुडवा. पंचशीलातील दुसरे शील आम्ही विसरलेलो नाही. जे रास्त देणे आहे ते फेडायचे, सवलतीने, हप्त्याने, पण फेडायचे. परंतु मृतदेह अडवून घेतलेले पैसे आणि शेकडा दहाचे व्याज यांना देणे म्हणायचे की खंडणी, हे एकदा समाजाने ठरवले पाहिजे.

आणि दारात उभा असलेला तो वसुलीवाला तरी कोण? पुष्कळदा तो आपल्याच वा शेजारच्या वस्तीतला, पदवी घेऊन बेकार बसलेला, वसुलीवर कमिशन मिळवणारा तरुण असतो. त्याला शिव्या देऊन व्यवस्था बदलत नाही. व्यवस्थेचा आकडा पाहा. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार एकदा भरती होण्याचा सरासरी खर्च सरकारी दवाखान्यात ४,४५२ रुपये होता, तर खाजगीत ३१,८४५ रुपये. म्हणजे सातपट! २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले. २०२१-२२ साली, कोरोनाच्या काळातही, तो १.८४ टक्केच होता. देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के त्या वर्षी लोकांनी स्वतःच्या खिशातून भरला. ज्यांचा खिसाच फाटका, त्यांनी कर्ज काढून भरला.

खाजगी दरांवर नियंत्रण अशक्य आहे, असे आम्हांला सांगितले जाते. मग मे २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने खाजगी दवाखान्यांच्या ८० टक्के खाटांचे दर कसे बांधून दिले? साधी खाट ४ हजार, अतिदक्षता साडेसात हजार, व्हेंटिलेटरसह ९ हजार. साथीत जे शक्य होते ते साथ ओसरल्यावर अशक्य कसे झाले? मते मागायला येणाऱ्या प्रत्येक पक्षाला, आपल्या म्हणवणाऱ्या पक्षांनाही, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

परंतु सर्वांत कठोर प्रश्न आम्ही स्वतःला विचारतो. विहारापासून दोनशे पावलांवर मृत्यू झाला. पुण्यानुमोदनाला आम्ही सारे गेलो, भाषणे झाली, जेवण झाले. त्या जेवणाचा खर्चही उसन्या पैशांतून झाला, हे कोणी विचारले नाही. आजारी भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडलेला दिसला तेव्हा भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला लावून स्वतः त्याला धुतले आणि संघाला विचारले की, याची शुश्रूषा कोणीच का केली नाही? तोच प्रश्न आज आमच्या विहाराला लागू आहे. जयंतीच्या डीजेची वर्गणी घरोघरी फिरून गोळा होते. आजाऱ्याच्या फाइलसाठी फिरणारे चार कार्यकर्ते का निघत नाहीत?

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक विहारात चार जणांची एक समिती असावी. दोन महिला त्यात असाव्यातच. भिंतीवर जवळच्या योजनेतील आणि धर्मादाय दवाखान्यांची यादी असावी. कपाटात उत्पन्नाच्या दाखल्याचे, निर्धन रुग्णाच्या अर्जाचे, लोकपालाकडील तक्रारीचे कोरे नमुने असावेत. वस्तीतले कोणी भरती झाले की पहिल्याच दिवशी दोघांनी दवाखान्यात जावे, दहाव्या दिवशी नव्हे. वसुलीवाला दारात आला की चार माणसे शांतपणे त्या दारात जाऊन उभी राहावीत. कर्जदार एकटा असतो तेव्हाच तगादा चालतो. चौघांसमोर कायदा आपोआप आठवतो, असा आमचा अनुभव आहे.

त्या भगिनीचे पुढे काय झाले? दवाखान्याने उरलेल्या २७ हजारांसाठी एक चेक बँकेत टाकला होता, तो न वटून नोटीस आली होती. आम्ही मुदतीत उत्तर दिले आणि धर्मादाय सहआयुक्तांकडे अर्ज केला. त्यानंतर दवाखान्याने २७ हजारांचा दावा सोडून दोन्ही चेक परत केले. आधी भरलेल्या रकमेबाबतचा अर्ज अद्याप पडून आहे. व्याजवाल्याविरुद्ध निबंधकाकडे चौकशी चालू आहे; तो येणे थांबला आहे. दोन्ही कंपन्यांनी लेखी तक्रारीनंतर हप्ते कमी करून मुदत वाढवून दिली. ते हप्ते ती भरते. ठेकेदाराविरुद्ध विमा महामंडळाकडे तक्रार दिली आहे आणि तो त्या भगिनीला ओळखतच नाही असे सांगतो. लढाई संपलेली नाही.

मागच्या पौर्णिमेला ती विहारात आली. पहिल्या रांगेत नव्हे, दाराजवळ बसली. गटातील त्या चार बाया उठून तिच्याजवळ जाऊन बसल्या. कर्ज तिच्या डोक्यावर अजून आहे. परंतु लाज तिची एकटीची उरली नाही. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा असे आपण रोज म्हणतो. या रविवारी वंदना झाल्यावर आपापल्या विहारात पाहा, कोणाची जागा रिकामी आहे. आणि त्या घरी जा.

जयभीम!